अंतर आणि अवधी

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या तटबंदीतील कित्येक दरवाजांची नावे कोणा बादशहाची वा सरदाराची नसून, ज्या गावाच्या दिशेने त्या दरवाजातून वाट फुटते त्या गावाची आहेत. उत्तरेकडचा तो दिल्ली दरवाजा, दक्षिणेकडचा तो पैठण दरवाजा, जालन्याच्या वाटेवरचा तो जालना दरवाजा, आणि खाम नदीवरच्या पुलाशी पश्चिमेस उभा असलेला तो मक्का दरवाजा, ज्याला गावात सगळे मकई गेट म्हणतात. पैठण येथून दोन मजलांवर, दिल्ली कित्येक आठवड्यांच्या वाटेवर आणि मक्का तर समुद्रापलीकडे. तथापि दरवाजे बांधणाऱ्यांनी ह्या तिन्ही गावांना सारख्याच दगडाचा मान दिला. दिल्ली दरवाजाच्या सावलीत उभे राहून उत्तरेकडे पाहिले म्हणजे, आज तिथे वाहनांची कितीही वर्दळ असली तरी, एक जुना प्रश्न मनात हटकून येतो: येथून दिल्ली किती लांब?

ह्या प्रश्नाची उत्तरे दोन संभवतात. एक उत्तर मोजणीदाराचे, म्हणजे इतके कोस, इतके मैल, इतके किलोमीटर; आणि दुसरे प्रवाशाचे, म्हणजे इतके दिवस किंवा इतके तास. आपल्या भाषेने पूर्वीपासून दुसऱ्याच उत्तराला अधिक जवळ केले आहे. ‘मजल’ ह्या शब्दाचा अर्थच एका दिवसाची चाल असा आहे. सैन्य ‘मजल दरमजल’ करीत जात असे, वाटसरू ‘घटकाभराची वाट’ विचारीत असे, आणि आजही कोणी नाशिक किती लांब म्हणून विचारले तर आपण किलोमीटर न सांगता तासच सांगतो. ह्या सवयीत मोठे शहाणपण आहे. दोन गावांमधील अंतर हे पृथ्वीच्या पाठीवर एकदाच कायमचे ठरलेले असते, त्यात कोणाच्या हुकमाने वा रदबदलीने तसूभर फरक पडत नाही. परंतु ते अंतर कापण्याचा अवधी मात्र रस्ता कोणी बांधला, गाडी किती वाजता सुटते, वाटेत कोठे आणि किती ताटकळावे लागते ह्या सर्वस्वी मानवी व्यवस्थेवर अवलंबून असतो. म्हणूनच अंतर आणि अवधी ह्यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो.

अवधीचा सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा हिशेब ज्या गावात मांडला गेला, ते देवगिरी येथून अवघ्या पंधरा किलोमीटरांवर आहे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास आपली राजधानी दिल्लीहून तेथे हलवण्याचे ठरवले आणि गावाचे नाव दौलताबाद असे ठेवले, ही हकिकत शाळेच्या पुस्तकातून सर्वांना ठाऊक असते. पण तिचा अर्थ कळावयाचा असेल तर मोरोक्कोहून आलेला प्रवासी इब्न बतूता ह्याने नोंदवून ठेवलेला तपशील पाहावा. दिल्ली आणि दौलताबाद ह्यांच्यामध्ये चाळीस दिवसांची वाट आहे, असे तो सांगतो. वाटेच्या दोन्ही अंगांना झाडे लावलेली असल्याने चालणाऱ्याला आपण एखाद्या बागेतूनच चाललो आहोत असे वाटे, आणि दर मैलाला डाकेच्या तीन चौक्या होत्या. सुलतान दौलताबादेस असताना त्याच्या पिण्यासाठी गंगेचे पाणी ह्या चाळीस दिवसांच्या अंतरावरून नेले जाई, हेही त्यानेच लिहिले आहे.

दिल्ली ते दौलताबाद ही खुष्कीची वाट, वळणे आणि घाट धरून, साधारण बाराशे किलोमीटरांची मानली, तर चाळीस दिवसांत ती पुरी करावयास रोज तीस किलोमीटर, म्हणजे ढोबळ मानाने दहा कोस चालावे लागेल. माणूस, बैल आणि घोडा ह्यांच्या पायांत जेवढे बळ असते तेवढीच ही मजल आहे. म्हणजे चाळीस दिवसांचा तो आकडा सुलतानाच्या इच्छेने ठरलेला नव्हता. तो पायांनी ठरवलेला होता. पण त्याच सुलतानाच्या अमलात एक गोष्ट मात्र पायांना मागे टाकून धावत होती, आणि ती म्हणजे डाक. मैलाच्या एकेका तृतीयांशावर एकेक हरकारा कमर कसून उभा असे. एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात दोन हात लांबीची, टोकाला तांब्याचे घुंगूर बांधलेली काठी घेऊन आधीचा हरकारा धावत येऊ लागला की तो घुंगरांचा आवाज कानी पडताच पुढचा सज्ज होई, पत्र हाती घेई आणि पुढची चौकी येईपर्यंत जिवाच्या कराराने धावे. सिंधमधून दिल्लीस जावयास साध्या प्रवाशाला पन्नास दिवस लागत. पत्र मात्र पाच दिवसांत पोहोचे. अंतर तेच, रस्ता तोच, पायही माणसाचेच. केवळ कोणी कोठे थांबायचे नाही ह्याचा बंदोबस्त केल्याने अवधी एक दशांश झाला. सातशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट मला विमानाच्या युगातही फार मोलाची वाटते, आणि तिच्याकडे शेवटी पुन्हा यावे लागणार आहे.

दिल्लीच्या दूरपणाविषयीची जी म्हण उत्तरेत सर्वतोमुखी आहे, ‘दिल्ली अजून दूर आहे’, ती हजरत निजामुद्दीन औलिया ह्यांच्या नावावर सांगितली जाते. आणि योगायोग असा की त्यांचेच शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब हे दिल्लीहून ह्या मुलखात आले आणि खुलताबादेस त्यांचा दर्गा आहे. ज्यांनी ती चाळीस दिवसांची वाट प्रत्यक्ष पायांखाली घातली, त्यांतील कित्येकांना परत जाण्याचा योग कधी आला नाही.

ह्यानंतरची पाचशे-सहाशे वर्षे अवधीत विशेष फरक पडला नाही. मलिक अंबराने खडकी वसवली, तिचे औरंगाबाद झाले, मोगलांच्या दख्खनच्या कारभाराचे हे ठाणे बनले, पुढे निजामाच्या राज्यात गेले. पण येणारा-जाणारा घोड्याच्या आणि बैलाच्याच चालीने येत-जात राहिला. खरा फरक पडला तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, निजामाच्या राज्यातील गोदावरी खोऱ्याची रेल्वे मनमाडपासून औरंगाबादमार्गे हैदराबादकडे गेली तेव्हा. पण ही रेल्वे मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची होती, आणि मुंबईहून मनमाडला येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुलाची रेल्वे रुंद रुळांची. त्यामुळे मुंबई आणि औरंगाबाद ह्यांच्यामध्ये मनमाड नावाचा एक उंबरठा तयार झाला, जो ओलांडल्यावाचून कोणाचीच सुटका नव्हती.

माझ्या पिढीतील लोकांना हा उंबरठा चांगला आठवत असेल. रात्री-अपरात्री गाडी मनमाडला थांबे. झोपेत असलेल्या मुलांना उठवून, वळकटी आवळून, फिरकीचा तांब्या आणि फडक्यात बांधलेल्या दशम्या सांभाळीत, ट्रंक हमालाच्या डोक्यावर देऊन सारे बिऱ्हाड एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर न्यावे लागे. तेथे लहान डब्यांची गाडी कधी उभी असे आणि कधी तिचा पत्ता नसे. मग ट्रंकेवर बसून, आईच्या पदराआड डुलक्या घेत, इंजिनाच्या शिट्टीकडे कान लावून वाट पाहावी लागे. मनमाड ते औरंगाबाद हे अंतर एकशे तेरा किलोमीटर, पण आमच्या बालपणाच्या हिशेबात मनमाडचा फलाट हा त्या साऱ्या अंतराहून लांब होता. १९९० च्या दशकाच्या आरंभी मनमाडपासून औरंगाबादेपर्यंत रुंद रूळ आले आणि हा उंबरठा निघाला. गाडीचा वेग त्या दिवशी एकाएकी वाढला नव्हता. थांबणे तेवढे गेले होते, आणि त्यानेच मुंबई कितीतरी जवळ आली.

आता आकाशातील अंतराकडे वळू. मुंबईचा विमानतळ आणि येथला चिकलठाण्याचा विमानतळ ह्यांमधील सरळ अंतर सुमारे २८० किलोमीटर आहे. लोहमार्गाने हेच अंतर पावणेचारशेच्या घरात जाते, कारण रेल्वेला कसाऱ्याचा घाट चढावा लागतो, नाशिक आणि मनमाड गाठावे लागते आणि मग आग्नेयेकडे वळावे लागते. दिल्लीचा विमानतळ येथून सरळ रेषेत सुमारे ९८० किलोमीटर; रेल्वेने मात्र चौदाशेच्या आसपास आणि जवळजवळ पूर्ण एक दिवस-रात्र. सरळ रेषा म्हणजे काय, हेही नीट समजून घेतले पाहिजे. पृथ्वी गोल असल्यामुळे कागदी नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेषा ही दोन दूरच्या गावांमधील सर्वांत जवळची वाट नसते. घरातील मुलांचा पृथ्वीगोल घ्यावा आणि त्यावर दोन गावांमध्ये दोरा ताणून धरावा. दोरा जेथून जाईल ती खरी जवळची वाट, जिला भूगोलवेत्ते बृहद्‌वृत्त म्हणतात. मुंबईसारख्या जवळच्या गावी हा फरक नगण्य असतो. पण मुंबईहून न्यूयॉर्कपर्यंत, म्हणजे सुमारे साडेबारा हजार किलोमीटरांपर्यंत, दोरा ताणून पाहा. नकाशावर पश्चिमेला दिसणारे ते गाव गाठण्यासाठी दोरा पार युरोपच्या उत्तर भागावरून वर चढून जातो. मुलाला भेटावयास अमेरिकेस निघालेल्या आपल्याकडील कित्येक आईवडिलांना समोरच्या पडद्यावर विमान बर्फाळ प्रदेशावरून जाताना पाहून वैमानिक वाट चुकला की काय अशी शंका येते. ती जवळचीच वाट असते.

वैमानिक मात्र किलोमीटर मोजीत नाहीत, ते नाविक मैल मोजतात, आणि ह्या मापामागे एक सुंदर विचार आहे. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतच्या कमानीचे नव्वद अंश, एका अंशाच्या साठ कला, आणि एका कलेइतके पृथ्वीच्या पाठीवरचे अंतर म्हणजे एक नाविक मैल, ज्याची प्रमाणित लांबी १,८५२ मीटर ठरलेली आहे. म्हणजे हा मैल कोणा राजाच्या पावलावरून वा हातावरून आलेला नसून प्रत्यक्ष पृथ्वीच्या घेरातून आलेला आहे. ह्या मापाने मुंबई येथून दीडशे नाविक मैल आहे. आपल्या पंचांगात सूर्योदयाची वेळ गावोगाव निराळी का, ह्याचेही उत्तर ह्याच अंशांत आहे. मुंबई आणि संभाजीनगर ह्यांच्या रेखांशांत अडीच अंशांचे अंतर असल्याने येथला सूर्य मुंबईच्या सूर्याहून दहा मिनिटे आधी माथ्यावर येतो. घड्याळे दोन्हीकडे एकच वेळ दाखवतात, ती केवळ संपूर्ण देशासाठी एक प्रमाणवेळ मानण्याचा करार आपण केला म्हणून. स्वतः मुंबईने हा करार सहजासहजी मानला नाही. भारतीय प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे असलेला ‘मुंबई टाइम’ त्या शहरात १९५५ पर्यंत टिकून होता.

आता असा प्रश्न येतो की जे प्रवासी विमान ताशी आठशे किलोमीटरांच्या वेगाने जाऊ शकते, त्याला २८० किलोमीटर जावयास वेळापत्रकात एक तास दहा मिनिटे का दिलेली असतात? साध्या त्रैराशिकाने हे अंतर एकवीस मिनिटांचे आहे. उरलेली मिनिटे कोठे जातात, हे पाहण्यासाठी मागच्या हिवाळ्यात मुंबईस जाताना मी मनगटावरचे घड्याळ आणि एक छोटी वही घेऊन खिडकीशी बसलो होतो. त्या वहीतील नोंदी येथे देतो.

विमान आपल्या जागेवरून हलले तो क्षण शून्य मानला. त्यानंतर ते धावपट्टीवर आले आणि तिच्यावरूनच सावकाश उलट दिशेने टोकापर्यंत चालत गेले, तेथे प्रचंड वळसा घेऊन तोंड फिरवून उभे राहिले. नवव्या मिनिटाला चाकांनी जमीन सोडली. खिडकीतून जालना रस्त्यावरची वाहने, चिकलठाण्याची घरे, मग शेते आणि टेकड्यांची पाठ झपाट्याने खाली गेली. चोवीस-पंचवीस मिनिटे झाली न झाली तोच इंजिनांचा आवाज एकदम मऊ झाला आणि विमानाचे नाक किंचित खाली झुकल्याचे जाणवले. शेजारच्या गृहस्थांचा पाण्याचा पेला अजून भरलेलाच होता, आणि उतरण्याची तयारी झाली असल्याची घोषणा झाली. त्यानंतर मात्र बराच वेळ विमान उतरत राहिले, मध्ये एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे वळले, आणि बावन्नाव्या मिनिटाला मुंबईच्या जमिनीला टेकले. ठरलेल्या जागी जाऊन उभे राहिले तेव्हा त्रेसष्ट मिनिटे झाली होती. वेळापत्रकाच्या मानाने आम्ही सात मिनिटे लवकर पोहोचलो होतो.

ह्या नोंदींतून सारा खुलासा होतो. विमानाच्या वेळापत्रकातील अवधी हा केवळ उड्डाणाचा नसतो; चाकांखालची अटकण काढल्यापासून दुसऱ्या गावी ती पुन्हा लावीपर्यंतचा तो सगळा काळ असतो. आमच्या त्रेसष्ट मिनिटांपैकी वीस मिनिटे विमान जमिनीवरच होते. उरलेल्या त्रेचाळीस मिनिटांतही त्याला आपला पूर्ण वेग दाखवण्याची संधी जवळजवळ मिळालीच नाही. दहा हजार फुटांच्या खाली विमानाला ताशी अडीचशे नाविक मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ४६० किलोमीटरांपेक्षा अधिक वेगाने जाण्यास सामान्यतः मुभा नसते. शिवाय उतरण्याचा एक ढोबळ ठोकताळा असा आहे की दर हजार फूट उंची उतरण्यासाठी तीन नाविक मैल आधीपासून सुरुवात करावी. चोवीस हजार फुटांवर चढलेल्या विमानाला ह्या हिशेबाने बहात्तर नाविक मैल, म्हणजे १३३ किलोमीटर उतरण्यालाच हवेत. चढण्याला जवळजवळ तितकेच लागले, तर २८० किलोमीटरांच्या वाटेत सपाटीचा असा तुकडा उरतो तो फार तर दहा-वीस किलोमीटरांचा. मुंबई-संभाजीनगर हा विमानप्रवास म्हणजे एक चढ आणि एक उतार. माथ्यावर पठारच नाही. म्हणूनच पंख्याचे, ताशी पाचशे किलोमीटरांच्या आसपास जाणारे लहान विमान आणि मोठे जेट विमान ह्यांच्या अवधीत ह्या मार्गावर फार मोठा फरक पडत नाही. सत्तर मिनिटांत २८० किलोमीटर, म्हणजे सरासरी वेग ताशी २४० झाला. दिल्लीच्या वाटेवर मात्र ९८० किलोमीटरांना पावणेदोन ते दोन तास लागतात, आणि तेथे हीच सरासरी पाचशेच्या आसपास जाते, कारण त्या वाटेत पठार आहे. वाट जितकी लांब तितके विमान आपल्या खऱ्या स्वरूपात दिसते.

मुंबईच्या आकाशाचा वाटाही मोठा आहे. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींचा एकाच वेळी स्वतंत्र उपयोग करता येत नाही, आणि देशातील अत्यंत गजबजलेल्या विमानतळांपैकी एकाचा सारा भार व्यवहारतः एका वेळी एकाच पट्टीवर पडतो. वर्षातील बहुतेक दिवस विमाने पूर्वेकडून येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. येथून जाणारे विमान पूर्वेकडूनच येत असल्याने ही दिशा आपल्याला सोयीची आहे. पण परतीच्या वेळी तेच विमान आधी जुहूच्या किनाऱ्यावरून समुद्रावर जाते आणि मग वळसा घेऊन पूर्वेला येते. उतरणाऱ्यांची रांग लांबली तर विमानाला घिरट्या घालाव्या लागतात. ह्या साऱ्याची तरतूद म्हणून कंपन्या वेळापत्रकात थोडी मिनिटे आधीच शिल्लक टाकून ठेवतात, आणि आम्हांला लाभलेली सात मिनिटे त्याच शिलकीतील होती.

वाऱ्याचा हिशेब निराळा. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटरांच्या उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे अत्यंत वेगवान वारा वाहतो. दिल्ली आपल्या उत्तरेस असल्याने हा वारा आपल्या विमानाला कुशीवर लागतो, फारशी मदतही करीत नाही आणि फारसा अडथळाही. पण मुंबईहून लंडनला जाणाऱ्याला परतीपेक्षा जाताना अधिक वेळ लागतो तो ह्याच वाऱ्यामुळे. आणि निसर्गाइतकेच माणसाचे भांडणही अवधी वाढवते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेल्या भारतीय विमानांना दक्षिणेकडून मोठा वळसा घालावा लागला.

चिकलठाण्याच्या धावपट्टीविषयी लिहिताना १९९३ सालच्या २६ एप्रिलची आठवण टाळता येत नाही. हा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे, आणि एप्रिलच्या दुपारी मराठवाड्यातील हवा तापून विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनांचा जोर कमी पडतो आणि जमीन सोडण्यासाठी विमानाला अधिक लांब धावावे लागते. त्या दिवशी भरदुपारी मुंबईस निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान धावपट्टी सोडता सोडता तिच्या टोकापलीकडील बीड रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले आणि काही अंतरावर कोसळले. ११८ माणसांपैकी ५५ दगावली. ते विमान दिल्लीहून जयपूर, उदयपूर करीत आले होते. अजिंठा-वेरूळ पाहावयास येणाऱ्या पर्यटकांसाठी आखलेला हा मार्ग त्या काळी देशातील नामांकित मार्गांपैकी एक होता. धावपट्टीची लांबी, टोकापलीकडची मोकळी जागा, रस्त्यावरील वाहतुकीचा बंदोबस्त ह्या गोष्टी प्रवाशाला तिकिटावर कधी दिसत नाहीत. पण त्याच्या प्रवासाचा खरा पाया त्याच असतात. अवधी कमी करण्याच्या नादात ह्या पायाला हात लावता कामा नये, असे माझे ठाम मत आहे.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा हिशेब. ‘मुंबई एका तासावर आहे’ असे आपण पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगतो. क्रांती चौकातल्या घरातून निघून रिक्षाने चिकलठाण्यास जावयास अर्धा तास धरावा. सामान देण्याची खिडकी उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते, म्हणून तेथे दीड तास आधी पोहोचणे शहाणपणाचे. विमानाची सत्तर मिनिटे, सामान हाती येईपर्यंत वीस, आणि मुंबईच्या विमानतळावरून फोर्टातील कचेरीपर्यंत सव्वा तास. बेरीज पावणेपाच तास होते. वंदे भारतसारख्या दिवसाच्या गाडीने हाच प्रवास सहा तासांच्या आसपास होतो, आणि ५ जून २०२५ पासून नागपूर ते मुंबई संपूर्ण ७०१ किलोमीटर खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गाने मोटारीस पाच-साडेपाच तास पुरतात. म्हणजे विमान, रेल्वे आणि रस्ता ह्यांच्या अवधीतील फरक तास-सव्वा तासाचाच उरतो. विमान ज्या मिनिटांत उडते ती थोडी. ज्या मिनिटांत आपण रांगेत, फलाटावर वा वाहतुकीत उभे असतो ती पुष्कळ.

त्यात फेऱ्यांची संख्या हा मुद्दा येतो, ज्याचा उल्लेख कोणत्याही अंतर-तक्त्यात नसतो. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची सेवा बंद पडली तेव्हा येथून मुंबईचे अंतर एका मीटरनेही वाढले नव्हते; पण दिवसातून एखादेच विमान असलेल्या गावाला, ते विमान चुकले की मुंबई चोवीस तासांवर जाते. वाळूजच्या कारखानदाराला आणि घाटी रुग्णालयातून पुढच्या उपचारांसाठी मुंबईस जाणाऱ्या रुग्णाच्या नातलगाला सकाळी जाऊन रात्री परत येता आले पाहिजे. मध्ये मुक्काम पडला की खर्च आणि खोळंबा दोन्ही दुप्पट होतात. तुघलकाच्या हरकाऱ्यांनी पन्नास दिवसांचे पाच दिवस केले ते केवळ जोरात धावून नव्हे, तर प्रत्येक चौकीवर दुसरा माणूस तयार होता म्हणून. आपल्या विमानतळाला, आणि मनमाडपासूनच्या रेल्वेलाही, आज ह्याच एका गोष्टीची सर्वांत अधिक निकड आहे. ह्याच न्यायाने १९८१ साली मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ येथे आले, ही मराठवाड्याच्या प्रवासाच्या इतिहासातली मोठी घटना मी समजतो. कारण त्या एका तजविजीने नांदेड-परभणीच्या पक्षकाराचा मुंबईचा फेराच वाचला.

तोवर वाचकांपैकी ज्यांना मुंबईत सकाळी अकराची वेळ गाठावयाची असते, त्यांनी उड्डाणाच्या मिनिटांवर न जाता घरापासून कचेरीपर्यंतचा सारा अवधी कागदावर मांडावा, आणि त्यातून झोपेत जाणारे तास वजा करावेत. जागेपणीचा अवधी सर्वांत कमी ज्या प्रवासात खर्च होतो, तो आकाशातला नाही. देवगिरी एक्सप्रेस येथून रात्री सुटते आणि सकाळी मुंबईस पोहोचते.